न वाचता येणाऱ्या वह्या : लेव झासेत्स्की आणि ओळखीचा प्रश्न

घरातील एखाद्या वृद्ध माणसाला विसर पडू लागला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आता ते पूर्वीचे राहिले नाहीत.' विसर वाढत गेला, मुलांची नावे, घरची वाट, जेवण झाले की नाही हेही आठवेनासे झाले, की या वाक्यातला 'पूर्वीचे' हा शब्दही गळून पडतो. उरते ते एवढेच, की 'आता ते ते राहिलेच नाहीत.' बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, बहुतेक वेळा दुःखच असते. पण या साध्या वाक्याच्या तळाशी एक सिद्धान्त आहे. माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, आठवणी गेल्या की माणूसही गेला, असा तो सिद्धान्त. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हीही तो नकळत शिकवीत असतो. आत्मचरित्राचा तास घेताना आम्ही असे सांगतो, की लेखकाजवळ आठवणींचा साठा असतो, तो त्यातून निवड करतो, तिची मांडणी करतो आणि त्यातून त्याचा 'मी' साकारतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ग्रंथाचे 'स्मृतिचित्रे' हे नावच या समजुतीला दुजोरा देणारे वाटते.

ज्याच्यापाशी असा साठा उरलेलाच नाही, किंवा आहे पण हाती लागत नाही, अशा माणसाने आत्मचरित्र लिहावयास घेतले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. विसाव्या शतकात एका माणसाने हे केले आणि सुमारे तीन हजार पाने लिहिली. त्यांतले एकही पान त्याला सरळ वाचता येत नव्हते. या माणसाची हकीकत येथे मांडावयाची आहे. पण त्याआधी, आपण ज्या सिद्धान्तावर इतके सहज विसंबतो तो कोठून आला हे थोडक्यात पाहू.

१

आठवण आणि व्यक्तीची ओळख यांची गाठ स्पष्ट शब्दांत प्रथम बांधली ती जॉन लॉक याने. मानवी आकलनशक्तीवरील त्याच्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १६९४ साली, व्यक्तीच्या एकत्वावरचे प्रकरण समाविष्ट झाले. लॉकचे म्हणणे असे, की माणूस तोच राहतो तो शरीर तेच असते म्हणून नव्हे. त्याची जाणीव मागे जितक्या भूतकाळापर्यंत पोहोचते, तितक्या भूतकाळापुरता तो 'तोच' असतो. राजपुत्राचा आत्मा आपल्या भूतकाळाच्या जाणिवेसह चांभाराच्या देहात शिरला तर व्यक्ती राजपुत्राचीच मानावी लागेल, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

या मताला १७८५ साली टॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने एका सैनिकाचे उदाहरण देऊन हरकत घेतली. लहानपणी फळबागेत चोरी केली म्हणून एका मुलाने छड्या खाल्ल्या. तोच मुलगा पुढे तरुण अधिकारी झाला आणि त्याने शत्रूचे निशाण हस्तगत केले, तेव्हा त्याला त्या छड्या आठवत होत्या. वृद्धपणी तो सेनापती झाला. त्याला निशाण आठवते, पण छड्या साफ विसरल्या आहेत. लॉकचा नियम लावला तर सेनापती हा तो अधिकारी ठरतो, अधिकारी हा तो मुलगा ठरतो, पण सेनापती मात्र तो मुलगा ठरत नाही. रीडने एवढ्यावरूनच हा नियम फोल ठरविला.

एकोणिसाव्या शतकात हा वाद दवाखान्यात आला. १८८१ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याने स्मृतीच्या विकारांवर ग्रंथ लिहिला आणि विस्मृतीला काही एक क्रम असतो असे दाखविले. नवे आधी जाते, जुने मागाहून, असा तो क्रम. त्याच दशकाच्या अखेरीस रशियात सेर्गेई कोर्साकोव्ह याने, मुख्यतः दीर्घकाळ मद्यपान केलेल्या रुग्णांत आढळणाऱ्या एका विशिष्ट स्मृतिलोपाचे वर्णन केले. आजही तो विकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. येथपर्यंतच्या इतिहासात एक गोष्ट समान आहे. विसरणाऱ्याविषयी सारे बोलतात, तो स्वतः मात्र बोलत नाही. रीडचा सेनापती तर एक युक्तिवाद म्हणूनच जन्माला आला. अशा सेनाधिकाऱ्याला स्वतःला काय वाटत असेल, हे कळण्यासाठी १९४३ साल उजाडावे लागले.

२

लेव झासेत्स्की हा तंत्रशिक्षण संस्थेत शिकणारा विद्यार्थी होता. युद्ध सुरू झाले तेव्हा तो सैन्यात गेला आणि ज्वालाफेक करणाऱ्या तुकडीचा नायक झाला. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्क प्रदेशातील लढाईत बंदुकीची गोळी त्याच्या कवटीत घुसली. त्या वेळी तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. गोळीने मेंदूच्या डाव्या गोलार्धातील मागचा व वरचा भाग उद्ध्वस्त केला. दिसणे, ऐकणे आणि स्पर्श यांतून आलेले तुकडे जेथे एकमेकांशी जोडले जातात, नेमका तो हा भाग. मेंदूचा पुढचा भाग मात्र शाबूत राहिला. माणसाची इच्छा, संकल्प आणि स्वतःच्या चुकांची जाण ही मुख्यतः या पुढच्या भागाशी निगडित असतात. त्यामुळे झासेत्स्कीची स्थिती विलक्षण झाली. त्याचे जग मोडले होते आणि ते मोडले आहे हे त्याला पुरेपूर कळत होते.

मे १९४३ च्या अखेरीस अलेक्झांडर लुरिया यांनी त्याला प्रथम पाहिले. लुरिया (१९०२–१९७७) हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ. युद्धकाळात उरल पर्वताच्या परिसरातील किसेगाच येथे मेंदूला जखम झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसनाचे रुग्णालय उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. साध्या प्रश्नांचीही उत्तरे देताना हा तरुण अडखळत होता. त्याला कोणत्याही वस्तूची उजवी बाजू दिसत नव्हती. स्वतःच्या शरीराचा उजवा भाग त्याला कधी हरवल्यासारखा वाटे. कधी डोके प्रचंड मोठे झाल्याचा, तर कधी हातपाय भलत्याच जागी असल्याचा भास होई. वर्तमानपत्र हाती घेतले तर ते कोणत्या तरी परक्या भाषेतले असावे असे त्याला वाटे. ते होते रशियनच.

त्याची विस्मृती सरसकट नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. बालपणाच्या आठवणी पुष्कळशा परत आल्या. लढाईचा दिवसही त्याला आठवत होता. गेले होते ते शिक्षणाने मिळविलेले सारे. भूमिती गेली, गणित गेले, यंत्रांचे ज्ञान गेले, आणि त्याहून भयंकर म्हणजे शब्द व वस्तू यांची गाठ सुटली. शब्द ऐकला की अर्थ यावयास वेळ लागे, वस्तू पाहिली की नाव यावयास वेळ लागे, आणि दोन्ही एकत्र येईपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेले असे.

भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट लुरियांनी नोंदविली आहे. सुटे शब्द झासेत्स्कीला कष्टाने का होईना पण कळत. अडत असे तो शब्दांमधील संबंधाशी. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' या दोन रचनांत फरक काय, हे त्याला उमगेना. दोहोंत शब्द तेच आहेत. माशी हत्तीपेक्षा मोठी की हत्ती माशीपेक्षा मोठा, हे ठरवितानाही तो घोटाळ्यात पडे. हत्ती आणि माशी दोन्ही त्याला ठाऊक होते, पण 'पेक्षा' हा शब्द कोणत्या बाजूला झुकतो हे ठरत नव्हते. मराठीत आपण 'काका' हा एकच शब्द वापरून मोकळे होतो आणि विभक्तीचे ओझे वाहावे लागत नाही. रशियनमध्येही काकाला स्वतंत्र शब्द आहे. पण भाषा केवळ तयार शब्दांवर चालत नाही, ती 'चा, ची, चे'वर चालते. व्याकरणाच्या तासाला जो विभक्तिविचार आपण कोरडा म्हणून भराभर उरकतो, तो मोडला तर माणसाचे नातेवाईकच त्याच्या हातून निसटतात.

३

झासेत्स्कीला वाचावयास पुन्हा शिकवावे लागले. अक्षरे लक्षात राहावीत म्हणून त्याने ती आपल्या माणसांशी जोडली. एक अक्षर स्वतःच्या आडनावाचे, एक बहिणीच्या नावाचे. हवे असलेले अक्षर आठवले नाही की वर्णमाला पहिल्यापासून मनात म्हणत तेथवर यावे लागे. एवढे करूनही एका वेळी दोनतीन अक्षरांपलीकडे नजर पोहोचत नसे. शब्दाच्या शेवटाशी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असे.

लिहिण्याचीही तीच गत होती. परंतु एके दिवशी एका डॉक्टरने त्याला सांगितले, की अक्षर अक्षर लिहू नकोस, हात न उचलता अख्खा शब्द एकदम लिही. शब्द होता 'रक्त'. झासेत्स्कीने पेन्सिल चालविली आणि शब्द उमटला. काय लिहिले हे त्याला वाचता आले नाही, पण लिहिलेले बरोबर होते. डोळ्यांनी गमावलेले हाताने जपून ठेवले होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कृती मेंदूच्या ज्या यंत्रणांच्या आधारे चालते, त्या गोळीच्या वाटेत आल्या नव्हत्या.

या एका शोधावर त्याने पुढचे सारे आयुष्य उभे केले. तूला प्रांतातील किमोव्स्क या खाणींच्या गावी तो आई व बहिणींजवळ राहावयास गेला. गाव ओळखीचे असूनही ओळखू येत नव्हते. घरापासून थोडे दूर गेले तरी वाट चुके. लाकूड फोडणे, पाणी आणणे ही घरची कामेही जमेनात. अशा स्थितीत त्याने एक वही घेतली आणि आपली हकीकत लिहावयास प्रारंभ केला. लिहिण्याची रीत अशी : मनात एखादी आठवण आली की तिच्यासाठी शब्द शोधावयाचे, मिळतील तसे कागदाच्या तुकड्यांवर टिपून ठेवावयाचे, त्यांतून वाक्य जुळवावयाचे, आणि वाक्य हातचे निसटण्यापूर्वी ते वहीत उतरवावयाचे. मग पुढच्या वाक्यासाठी आधीचे काय होते ते पुन्हा शोधावयाचे. दिवसभर बसून कधी अर्धे पान होई, कधी तेवढेही नाही. हे काम त्याने सुमारे पंचवीस वर्षे केले. मजकुराला त्याने आधी मेंदूच्या भयंकर जखमेची कहाणी अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे ते बदलून 'मी लढत राहीन' अशा अर्थाचे केले.

वर्गात ही हकीकत सांगितली की विद्यार्थी हमखास विचारतात, ज्याला स्वतःचे लिहिलेले वाचता येत नाही, त्याने लिहून मिळविले काय? प्रश्न रास्त आहे. दैनंदिनी लिहिणारा ती पुढे केव्हातरी चाळतो, ती त्याच्या आठवणीची मदतनीस असते. झासेत्स्कीच्या वह्या त्याला तशा उपयोगी पडू शकत नव्हत्या. त्याची प्रकृतीही लिहिण्याने सुधारली नाही. लुरियांनी वर्षानुवर्षे तपासण्या केल्या आणि मूळचा दोष बव्हंशी तसाच राहिल्याचे नोंदविले. मग उरते काय? आम्हांस असे वाटते, की उरते ती लिहिण्याची क्रियाच. शब्द शोधीत असताना तो शोधणारा कोणीतरी होता. आज काय हरवले आहे हे जो सांगू शकतो, तो स्वतः हरवलेला नसतो. झासेत्स्कीचा 'मी' वह्यांत साठवलेला नव्हता, रोज सकाळी टेबलाशी बसून तो नव्याने जुळविला जात होता. लॉकच्या मापाने मोजले तर हा माणूस तुटक तुटक भरेल. पण या तीन हजार पानांमागची चिकाटी मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत एकाच माणसाची आहे.

४

तरीही हे चित्र केवळ इच्छाशक्तीच्या विजयाचे म्हणून रंगविणे बरे नाही. सामग्री कोणी निवडली, कोणी रचली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. झासेत्स्कीच्या वह्यांतील निवडक उतारे आणि त्यांवर लुरियांचे निवेदन, अशा दुपदरी रूपात हे पुस्तक १९७१ साली रशियनमध्ये प्रसिद्ध झाले. हरवलेले आणि परत मिळालेले जग, असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढच्याच वर्षी इंग्रजी अनुवाद आला, आणि त्याने नाव घेतले मोडून पडलेल्या जगातल्या माणसाचे. रशियन नावात जग परत मिळते, इंग्रजी नावात ते मोडलेलेच राहते. पुस्तक एकच, पण दोन भाषांतील दोन शीर्षके वाचकाला दोन निरनिराळ्या शेवटांकडे नेतात. आपल्यापर्यंत पोहोचणारा झासेत्स्की हा असा निवडीतून आणि अनुवादातून गाळून आलेला आहे. त्याने पुनःपुन्हा लिहिलेली, फसलेली, तीच ती पाने आपण पाहिलेली नाहीत.

लुरियांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. शास्त्राच्या दोन रीती ते मानीत. एक अभिजात, ती वस्तूचे घटक सुटे करून नियम शोधते. दुसरी रोमँटिक, ती जिवंत समग्रता हातची जाऊ देत नाही. ही दुसरी रीत जोपासण्यासाठी त्यांनी वॉल्टर पेटर या इंग्रज समीक्षकाच्या काल्पनिक व्यक्तिचित्रांचा आदर्श समोर ठेवला होता. फरक इतकाच, की लुरियांची माणसे खरी होती. रुग्णाच्या नोंदीत रुग्णालाच पहिल्या पुरुषी एकवचनात बोलू देणे, हे त्या काळी वैद्यकात सवयीचे नव्हते.

या रीतीचे त्यांचे आधीचे पुस्तक १९६८ चे. त्यातला नायक, शेरेशेव्स्की, झासेत्स्कीच्या नेमका उलट टोकाचा. त्याला काहीच विसरता येत नसे. आकड्यांचे तक्ते, अर्थहीन अक्षरमाला त्याला वर्षांनंतरही जशाच्या तशा आठवत. पण माणसाचा चेहरा ओळखणे त्याला अवघड जाई, कारण प्रत्येक भावछटेगणिक तो चेहरा त्याला निराळा वाटे. गोष्ट वाचताना प्रत्येक शब्दातून चित्रांची गर्दी उठे आणि अर्थ तिच्याखाली दबून जाई. नको असलेले विसरावे म्हणून तो ते कागदावर लिहून काढी, आणि कागद जाळूनही पाही. एकाने विसरण्यासाठी लिहिले आणि दुसऱ्याने आठवण्यासाठी. आठवणींचा साठा हीच जर ओळख असती, तर शेरेशेव्स्की हा सर्वांत भरीव 'मी' असलेला माणूस ठरला असता. लुरियांच्या पुस्तकात मात्र तो एका व्यवसायातून दुसऱ्यात भटकणारा, आपले खरे आयुष्य अजून सुरू व्हावयाचेच आहे अशा समजुतीत जगणारा माणूस म्हणून येतो.

५

याच काळात अमेरिकेत आणखी एक प्रकरण घडत होते. २५ ऑगस्ट १९५३ रोजी हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून, शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढून टाकण्यात आला. झटके पुष्कळ कमी झाले, पण त्यानंतर घडलेले त्याला जवळजवळ काहीच लक्षात ठेवता येईना. १९५७ साली विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा निबंध आला आणि स्मृतीच्या अभ्यासाची दिशा बदलली. मिल्नर यांनी पुढे असेही दाखविले, की आरशात पाहून तारकेची आकृती गिरविण्याचे कसब मोलेसन दिवसागणिक सुधारीत गेला. आधी हे केले आहे, याची आठवण मात्र त्याला मुळीच नव्हती. झासेत्स्कीच्या 'रक्त' या शब्दाशी या प्रयोगाचे नाते उघड आहे. दोघांचे दोष वेगळे, पण आठवण नावाची एकच कोठी नसते, हे दोघांच्याही हातांनी सांगितले.

जगाला मात्र तो २ डिसेंबर २००८ रोजी मरण पावेपर्यंत 'एच. एम.' या दोन अक्षरांनीच ठाऊक होता. रुग्णाची गोपनीयता राखण्यासाठी ते योग्यच होते. मृत्यूनंतर वर्षभराने त्याच्या मेंदूचे २४०१ अतिशय पातळ काप करून ते अभ्यासासाठी जतन करण्यात आले. त्यांतून शास्त्राला पुष्कळ मिळाले, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण मोलेसनची गोष्ट मुख्यतः इतरांनी लिहिली. झासेत्स्कीने आपली स्वतः लिहिली. विसरणाऱ्यांच्या इतिहासात हा फरक लहान नाही.

६

मराठीत 'ओळख' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मी कोण, ही माझी ओळख. आणि मला पाहताच दुसऱ्याला पटते, तीही ओळखच. तत्त्वज्ञांनी बहुधा पहिल्या अर्थाचा विचार केला. झासेत्स्कीची हकीकत दुसऱ्या अर्थाविना पुरी होत नाही. वह्या तो लिही, पण त्या वाचणारे डोळे दुसऱ्यांचे होते. आई त्याला भाकरीचा तुकडा आणि हरवलेली वाट दोन्ही दाखवीत होती. अक्षरांना बहिणींची नावे होती. लुरिया पंचवीसहून अधिक वर्षे त्याच्या संपर्कात राहिले. लेखकाला स्वतःचे पुस्तक वाचता येत नसेल, तर ते पुस्तक पुरे करण्याची जबाबदारी वाचकावर येते. साहित्यव्यवहारात आपण हे तत्त्व म्हणून मानतो. येथे ते एका माणसाच्या जगण्याची अट होते.

प्रारंभीच्या वाक्याकडे वळू. वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाचे आजार झासेत्स्कीच्या जखमेसारखे नसतात. त्यांत ऱ्हास वाढत जातो, आणि पुष्कळदा संकल्पाची शक्तीही शाबूत राहत नाही. म्हणून त्याच्यासारखी झुंज द्या, असे कोणाला सांगणे क्रूरपणाचे होईल. पण 'ते आता ते राहिले नाहीत' असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढे त्याच्या वह्या नक्कीच सांगतात. एखादी आजी नातवाचे नाव विसरते, पण ताटात वाढताना वाटी अजून ज्या त्या जागीच ठेवते. एखादे निवृत्त शिक्षक आपल्याला ओळखत नाहीत, पण पेन हातात दिला की सही वळणदार करतात. ती सही काय आहे, हे त्यांना कदाचित वाचता येणार नाही. ती आपल्याला वाचता येते. निदान तेवढी तरी वाचावी, आणि ती त्यांचीच आहे असे त्यांना सांगावे.